बाराच्या यादीआधी

गल्लीत त्याला सगळे एकहात्या म्हणत. हात दोन्ही धडधाकट होते. पण चालू रेडिओ उघडला, की हा रेडिओमिस्त्री डावा हात खिशात घालूनच काम करी. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरते आणि काळजातून दुसऱ्या हाताने बाहेर पडते, हे त्याला उस्तादांनी शिकवलं होतं. शिकवणारे स्वतःच एकदा विसरले आणि दुकान याच्याकडे आलं.

"खिशात बायकोचं पत्र आहे का रे?" लोक चिडवत. तोही हसे. होताच तो घाबरट, आणि त्या धंद्यात घाबरटच म्हातारे होतात. नभोवाणी सुरू होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. पेटीतला आवाज लोकांच्या सवयीचा झाला होता, पण त्यामागची वीज अजून कुणाला कळली नव्हती.

त्या दिवशी बारा वाजायला वीस मिनिटं असताना खिशातल्या बोटांना काहीतरी गोल लागलं. काढून पाहतो तर स्टेशन फिरवायचं लाकडी बटण. हे पुलापलीकडच्या काकूंच्या रेडिओचं! सकाळीच तो दुरुस्त करून हमालाबरोबर धाडला होता. म्हणजे तिथे नुसती लोखंडी दांडी उघडी. आणि त्या जातीच्या रेडिओत प्लग उलटा बसला, की सांगाड्यापासून दांडीपर्यंत वीज खेळते.

काकूंचे डोळे शिवणकामात गेले होते. एकुलता मुलगा खलाशी. त्याचं जहाज बुडून नऊ दिवस झाले होते. जिवंत सापडलेल्यांची नवी यादी नभोवाणीवर रोज बाराला वाचत, एकदाच. बाराला काकू रेडिओ लावणार आणि स्टेशन जुळवायला बोटांनी बटण चाचपणार.

दुकान उघडं टाकून तो धावत सुटला.

"आग लागलीय का रे?" कुणीतरी ओरडलं. प्लग सुलटा बसलेला असू दे, देवा, एवढंच तो घोकत होता. पुलावर असतानाच बाराचे टोले पडले.

तिसऱ्या जिन्यावर नावं ऐकू आली. रेडिओ चालू होता; पण काकू? त्याने दार ढकललं. काकू फरशीवर अनवाणी उभ्या होत्या, हात भांडी घासून ओलेच. आवाज घसरला म्हणून तो ओला हात दांडीकडे निघाला होता, बोटभर अंतर उरलं होतं. ओरडायला दमच नव्हता. त्याने भिंतीतला प्लग उपटला.

"कोण ते?"

"मी... मिस्त्री."

"अरे, काय केलंस हे! आत्ताच आमच्या आडनावाचं अक्षर आलं होतं!"

बटण बसवल्याशिवाय प्लग पुन्हा लावायची त्याची छाती होईना. घाईत बटण दोनदा खाली पडलं. मग रेडिओतले व्हॉल्व्ह तापून आवाज फुटेपर्यंत थांबणं आलं. शेवटी आवाज आला: "...आजची यादी इथे संपली."

"जिन्यात तुला काही ऐकू आलं का रे? आमचं नाव?"

नावं कानांवर पडली होती, पण त्याचे कान काकूंच्या किंकाळीकडे लागलेले. तुमचा जीव वाचवला, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तो धोक्यात घातला होता कुणी?

"नभोवाणी केंद्रावर जाऊन विचारून येतो, काकू. आत्ता, पळतच जातो."

काकूंनी त्याचा हात घट्ट धरला.

"पळू नकोस," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. तू परत येईपर्यंत तरी माझं पोर जिवंत आहे."