टाचेखालची घडी

आमच्या मुलीचा उजवा पाय इंजेक्शननंतर लुळा पडला, हे दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायला कुणी तयार नव्हतं. ताप होता म्हणून तिला घरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कुल्ल्यात सुई टोचली, ती किंचाळली आणि टेबलावरून उतरली ती पाऊल फरफटतच. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, सुई नसेला लागलीय, पाऊल पूर्ववत होईलच असं नाही. आमचे डॉक्टर मात्र म्हणाले, "पाय आधीपासूनच तसा असेल. तुमच्या लक्षात आलं नसेल." आईच्या लक्षात आलं नसेल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

केस करायची, असं मी घरी म्हटलं. नवरा प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून नुकताच आला होता. "लहानपणापासून त्यांनीच मला बरं केलंय. त्यांना कोर्टात ओढू? इथेच राहायचंय आपल्याला," म्हणाला आणि ताटावर बसला. शेजारच्या गुजराती बाई म्हणाल्या, "जवा दो ने, बेन. डॉक्टर तो भगवान छे." मग मी कुणाशी बोलेनाशी झाले. भाजी आणायची, मुलीचा पाय चोळायचा आणि केस करू की नको याचा घोळ मनात घालत बसायचं. इतकं एकटं मला लग्न होऊन परक्या गावी आले तेव्हाही वाटलं नव्हतं.

अशात नवरात्र आलं. डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणायचो, दर अष्टमीला माझ्या मुलीला कुमारिका म्हणून बोलवायच्या. त्या वर्षीही बोलावणं आलं. मला वाटलं, काय हा निगरगट्टपणा! तरी गेले. मुलगी नवं परकर-पोलकं घालून दारात उभी होती, तिला काय सांगणार?

काकूंनी तिला पाटावर बसवलं. पुढ्यात परात होती आणि परातीत उजव्या बाजूला टॉवेलची जाड घडी आधीच मांडलेली होती. त्यांनी तिची उजवी टाच अलगद त्या घडीवर टेकवली, म्हणजे पाऊल कलंडणार नाही. मग दोन्ही पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. कोणता पाय, हे त्यांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. डॉक्टर आतल्या खोलीच्या दारात आले आणि परातीकडे बघून परत फिरले.

आधीच्या कुठल्याच अष्टमीला अशी घडी लागली नव्हती. म्हणजे या घरात सगळं माहीत होतं. माझ्यासमोर मात्र पाय आधीपासूनच तसा! घरी येताना मुलगी काकूंनी दिलेल्या खणाचा वास घेत माझ्या कडेवर बसली होती आणि माझा निर्णय झाला होता. दुसऱ्या दिवशी नागरवाड्यातल्या वकिलांकडे मी एकटीच गेले. नवरा अडवायला आला नाही, सोबतही आला नाही.

केस अजून चालू आहे. रस्त्यात ओळखीच्या बायका मला बघून दुकानात शिरतात. या अष्टमीला बोलावणं आलं नाही. मुलगी सकाळपासून परकर घालून बसली होती, म्हणून मीच तिला पाटावर बसवलं आणि परातीत टॉवेलची घडी ठेवली.

"काकूंसारखीच ठेवलीस," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. माझ्या मुलीचं पाऊल तेवढं त्या एका बाईनेच नीट धरलं होतं, आणि आता तिच्याच दारात मला पाय ठेवता येत नाही.