राहिलेला हातभर कातळ

माझ्या साडूंनी मला फसवलं, आणि तेही निम्म्या सांगवीच्या देखत. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मला फसवणारा माणूस अजून जन्मायचाय, असं मी पेरूच्या पाट्या वाहत होतो तेव्हापासून समजत आलो. साडू आधीच जन्मले होते, एवढंच.

साडू शाळामास्तर. रविवारी धोतराचा काचा मारून, मोटेचा जुना नाडा, तो जाडजूड दोर, खांद्यावर टाकून ते सांगवीजवळच्या कातळावर चढायला जात. कातळ तीन पुरुष उंच, आणि पलीकडून गाडीवाट थेट माथ्यावर जाते! "मग वाटेनं जा की," म्हटलं तर म्हणायचे, "वाटेनं काय, बैलबी जातोय." वहाणा काढून ते आधी कातळाला नमस्कार करत. बोटं नीट बसतील अशी एक खाच होती, तिला ते मावशी म्हणत. वरच्या गुळगुळीत फुगवट्याचं नाव मामलेदार, कारण तो कुणालाच हात लावून घेत नसे. माझ्या घराच्या वास्तुशांतीला पंगत बसली तरी साडूंचा पत्ता नाही. पाहतो तर घराच्या परसाकडच्या भिंतीवर चढलेले, कौलांना डोकं टेकलेलं. "दगडं झकास बसवल्यात, पाव्हणं!"

त्यांनी मलाही चढायच्या नादाला लावलं. मी घासाघीस केली, अर्धाच चढेन म्हणालो. "पाव्हणं, कातळ किरकोळीत मिळत न्हाय. चला, तुमाला माथ्यावर बसवतो. जबान हाय माझी." नाडा माझ्या कमरेला, दुसरं टोक वर त्यांच्या हातात. खाली बघे जमलेले. मावशी झाली, मामलेदार झाला, माथा हातभर राहिला. साडूंचं लहानपण मोट हाकण्यात गेलेलं. मोट विहिरीच्या तोंडाशी आली की बैल थांबवून नाडा सैल सोडायचा, हे हातात मुरलेलं. माझं डोकं दिसलं आणि त्यांनी "हो रं राजा!" म्हणत नाडा सोडला. मी घसरत मामलेदाराच्या खाली.

"अरारा! मला वाटलं, मोट भरून आली!"

खाली हशा. गुडघे सोललेले. मी कसाबसा खाली उतरून कमरेचा नाडा सोडला आणि पुन्हा या दगडाचं तोंड पाहणार नाही म्हणून तणतणत निघून आलो. साडू दर रविवारी बोलवायचे, मी जायचो नाही. मग त्यांची बदली इंदापूरच्याही पलीकडे झाली. जाताना नाडा माझ्या ओसरीवर ठेवून गेले.

आता रविवारी मीच तिथं जातो. पायथ्याशी बसून पेरू खातो, मावशीवरून हात फिरवतो; बरं वाटतं. गाडीवाटेनं एकदाही वर गेलेलो नाही. तो माथा मला नको. माझा हातभर कातळ तुमच्याकडं राहिलाय, साडू. नाडा उन्हात वाळवून ठेवलाय. जबान तुमची होती. धरायला कधी येताय, बोला.