पुढच्या पट्टीवरचे नाना

लादलेलं काहीही दिसलं की विमानवाले नाना थांबायचे. बैलगाडी असो, टपावर पोती घेतलेली एसटी असो, नाही तर लग्नात दागिन्यांनी वाकलेली नवरी असो. भोवती एक चक्कर मारायची, मान तिरपी करायची आणि विचारायचं, "चढावं ते दिसस. उतारं काय?" भार चढवला तो दिसतोच आहे, पण त्याच्या बदल्यात उतरवलं काय? नवरीच्या बापाला हे आवडायचं नाही. नानांना त्याची फिकीर नव्हती.

विमानदलात फिटर होते ते. निवृत्त होऊन सोनगीरजवळ आमच्या गावी आले आणि हायवेच्या कडेला निंबाखाली ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. इंजिन उघडलं की विमानाची गोष्ट निघायचीच. मी चौथी शिकलेला माणूस, पण ती गोष्ट मला आजही पाठ आहे.

त्यांचं विमान हार्वर्ड. लढाईचं नव्हे, शिकाऊ पायलटांचं. नाकात गोल इंजिन, त्यावर पंखा, पुढे शिकणारा बसणार, मागे शिकवणारा. रंग पिवळा, का तर शिकणारा येतोय, बाजूला व्हा, हे लांबून कळावं. आवाज असा की कानात बोटं घालावी लागत. नाना त्याला मास्तरीण म्हणायचे. काश्मीरची लढाई लागली तेव्हा लढाऊ विमानं थोडी होती, म्हणून मास्तरणीलाच धाडलं. पंखात बंदुका बसवल्या, पंखांखाली लहान बॉम्ब टांगले. टांगणाऱ्यांत तरणे नाना होते, आणि अंगात उत्साह फार. जेवढं मावेल तेवढं चढवलं. विमान झाडांच्या शेंड्यांना घासत कसंबसं वर गेलं. परत आलं तेव्हा चाकाच्या खाचेत देवदाराची फांदी अडकलेली होती. पायलटने ती काढून नानांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "फिटर, चढाया बहुत. उतारा क्या?"

दुसऱ्या फेरीआधी नानांनी मागची खुर्ची काढली, तिच्यासोबतचं सगळं सामान काढलं. मास्तरची जागाच उतरवली, म्हणायचे. मग ती सरळ उडाली.

"आन लढाई सरनी तवय?" मी एकदा विचारलं.

"तवय काय? बंदुका काढ्यात, खुर्ची बसाडी. परत शाळा."

मला हे पटलं नाही. लढून आलेल्याने परत पोरांना शिकवत बसायचं? नाना हसले आणि हात पुसून माझ्या पंपाचं इंजिन बांधायला लागले.

पुढे नव्वद सालानंतर एका वर्षी कापूस भरपूर झाला. मी विहिरीवरचं इंजिन काढलं, तीन चाकांच्या गाड्यावर मधोमध बसवलं, पट्ट्याने मागची चाकं फिरवली. गावात असं वाहन पहिलं माझंच. कापूस माणसाच्या उंचीहून वर रचला, मागे हातभर बाहेर काढला आणि वर आमच्या मंडळीला बसवलं. धुळ्याच्या जिनिंगवर जायचं होतं. नाना आले. चक्कर मारली.

"उतारं काय रे हट्ट्या?"

"काहीच नही. बठ्ठं धुळाले जावानं शे."

"पुढलं चाक देख. भुईले नुसतं टेकेल शे. वहिनी, तू ते खाले उतर."

मंडळी इतक्या पटकन उतरली की मला रागच आला. "हाई विमान नही नाना," म्हणालो आणि गाडं काढलं.

नाल्याचा चढ लागला. अर्ध्यात पुढचं चाक उचललं. हँडल हातात होतं, पण फिरवून उपयोग नव्हता. गाडं नाल्याच्या कडेला सरकू लागलं. तेवढ्यात मागून धावत आलेल्या नानांनी पुढच्या चाकावरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर अंग टाकलं आणि लोंबकळले. चाक टेकलं. मी हँडल वळवलं. वर आल्यावर मी गाडं थांबवलं.

"आते उतरा," मी म्हणालो.

"नही उतरत. पुढे अजून चढ शेतस."

मग मीच खाली उतरलो आणि मागचा हातभर कापूस काढून मागून चालत आलेल्या मंडळीजवळ ठेवला. नाना धुळ्यापर्यंत त्या पट्टीवर बसून गेले, धोतर सावरत, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे मालकासारखे बघत. हंगाम संपला तसं त्यांनीच इंजिन उतरवून परत विहिरीवर बसवलं. मी उभा राहून बघितलं. परत शाळा, मी मनात म्हणालो.

पुढचे हंगाम नाना त्याच पट्टीवर असायचे. मग दम लागू लागला, जेवण तुटलं, धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. गेले तेव्हा मी पहिला खांदा दिला. मोठ्या हाडाचा माणूस, पण तिरडी उचलली तर भारच लागेना. माझ्या तोंडून गेलं, "नाना, बठ्ठं उतारी टाकं का?"

त्या वर्षीही कापूस होता. गाडं जोडलं, कापूस बेताने रचला, तरी नाल्याच्या चढाला चाक हलकं झालं. मी उतरलो, नाल्यातला एक दगड उचलून पुढच्या पट्टीला बांधला. पुढे पोरं म्हणाली, आबा, ट्रॅक्टर आला, ते गाडं मोडीत काढा. गाडं नेलं त्यांनी. दगड मी घरी आणून ठेवला आहे.