सामंत सरांचं गाऱ्हाणं

किस्से जमवावे लागत नाहीत. एकमेकांशी न पटणारी दोन माणसं एका केबिनमध्ये बसवायची आणि चहा चालू ठेवायचा, बस्स. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र विभागात ही सोय आहे. विभागप्रमुख सामंत सर मूळचे मालवणचे, आता विक्रोळीचे. त्यांचं म्हणणं, समाज आधुनिक झाला की धर्म मागे हटतो. समोरच्या टेबलावर मरोळ गावठाणातल्या फर्नांडिस मॅडम. त्यांचं म्हणणं, धर्म कुठे जात नाही, फक्त कपडे बदलतो. मी मधल्या टेबलावर. माझं म्हणणं कोणी विचारत नाही.

*

एकदा सर वर्गात रंगात आले होते. "शहरात देव हळूहळू घरातल्या कोपऱ्यात जातो," असं म्हणाले आणि नेमकी शेजारच्या मंडळाची आरती स्पीकरवर सुरू झाली. सरांनी खिडक्या लावून घेतल्या, आवाज चढवला, तरी काही ऐकू येईना.

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, कोपऱ्यात बसून बोअर झाला असेल ना तो."

त्या दिवशी तास लवकर सुटला.

*

मुलांना नाहूरच्या एका टॉवरमध्ये सर्वेक्षणाला पाठवलं. तिथे जिममध्ये देवाची तसबीर, आणि चालताना देवाकडे पाठ नको म्हणून सोसायटीने मीटिंग घेऊन सगळ्या ट्रेडमिल फिरवून घेतलेल्या. एक काका तर ट्रेडमिलवर अनवाणी चालायचे.

"सर, हे धर्मात टाकू की आरोग्यात?" मुलांनी विचारलं.

"आरोग्यात."

"आणि काकांच्या चपला?" मॅडम म्हणाल्या.

सर चहा घ्यायला निघून गेले.

*

मग सरांनी 'धर्माचा ऱ्हास' या विषयावर चर्चासत्र ठरवलं. हॉल कधीच मिळत नाही, यावेळी फोनवरच मिळाला. सर खूश! मॅडमनी कॅलेंडर बघितलं. पितृपक्ष होता, त्या पंधरवड्यात कोणी हॉल घेतच नव्हतं.

"सर, तुमच्या पितरांनी जागा करून दिली हो," मॅडम म्हणाल्या.

*

आता खरी गंमत. सरांच्या बिल्डिंगमध्ये सगळे कोकणातले, पण गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं घालायला फक्त सरांनाच येतं. वडिलांचं ऐकून ऐकून पाठ झालेलं. सर हात जोडून एकेक मागणं मांडतात आणि दर मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मॅडम एकदा दर्शनाला गेल्या आणि त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. झालं!

"मी देवाशी बोलत नाही," सर म्हणाले. "मी लोकांशी बोलतो. ही सामूहिक परंपरा आहे."

तेव्हापासून केबिनमध्ये सर काहीही म्हणाले, पंखा लाव म्हणाले तरी, मॅडम कागदातून मान वर न करता "व्हय म्हाराजा" म्हणायच्या. सर चिडायचे. ते चिडले की मॅडमचा दिवस चांगला जायचा.

*

यंदा सरांच्या पत्नीचं, सुमनवहिनींचं, हार्टचं ऑपरेशन ठरलं. वहिनी संकष्टी न चुकवणाऱ्या. सर घरीही वाद घालायचे, आणि चंद्रोदयाची वेळही तेच बघून सांगायचे. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं तेव्हा सर म्हणाले, "डॉक्टरांना जमत नव्हतं."

वहिनी हळूच मला म्हणाल्या, "डॉक्टर तयार होते गं. अमावस्या आहे म्हणून ह्यांनीच पुढे ढकललं. मी बोललेसुद्धा नव्हते."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मॅडम थिएटरबाहेर सरांजवळ बसलो होतो. सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता आणि आतून कोणी काही सांगत नव्हतं. मला भीती वाटत होती, सरांकडे बघवत नव्हतं. मॅडमनी पर्समधून जपमाळ काढली, सरांकडे पाहिलं आणि परत आत ठेवली.

मग सर उठले. दाराकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. आवाज नेहमीचा नव्हता.

"बा देवा म्हाराजा, माजो तुज्यार इश्वास नाय, ह्यां तुका म्हायत आसा. पण तिचो आसा. तिच्या इश्वासाक जाग, म्हाराजा."

कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघंच होतो.

"व्हय म्हाराजा," फर्नांडिस मॅडम म्हणाल्या.