पौर्णिमेला गावात येणारे साहेब

लेले साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चपला हातात घेऊन आमच्या बांधावर उभे होते. मी चौथीत असेन. इंग्लिश मीडियमचा, त्यामुळे ‘अनुदान’ म्हणजे काय, ते मी त्यांनाच विचारलेलं. न हसता म्हणाले, “पीक बुडालं की सरकार शेतकऱ्याला हात देतं ना, ते.” साहेबांच्या साठीच्या अंकात मला लिहायला मिळतंय, याचा खूप आनंद आहे. पण लिहायला बसलो की तोच दिवस समोर येतो.

साहेब शेती खात्यात होते. ठाण्यात बाळकुमच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावांत नुकसानीची पाहणी करायची, अहवाल लिहायचा, मग वरून अनुदान मंजूर व्हायचं. त्या वर्षी पौर्णिमेच्या उधाणात आमच्या बांधाला खांड पडली. बांध फुटला आणि खाडीचं खारं पाणी भातात शिरलं. गावाचा नियम एकच, पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची. घरटी एक माणूस चिखलात उतरला आणि बांध उभा केला. साहेब आले चौथ्या दिवशी. बांध शाबूत, भात अजून हिरवंच.

“आबा, पाहणीआधीच दुरुस्ती केलीत? मी आता काय पाहू?”

आजोबा म्हणाले, “सायेब, भरती काय तुमच्या सहीसाठी थांबनार हाय?”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

संध्याकाळी आजीने त्यांच्यासाठी ताजा जिताडा पाठवला. मासा परत आला, सोबत चिठ्ठी होती. ‘आजी, रागावू नका. पाहिलं तेवढंच लिहीन.’ मी वाचून दाखवली. आजी म्हणाली, “मानूस चांगला हाय. आपलं गेलं.”

साहेबांनी लिहिलं, ‘बांध शाबूत आहे. माती ओली आहे.’ ओली माती म्हणजे बांध नुकताच बुजवलेला, पण वरच्या ऑफिसने पहिलंच वाक्य वाचलं. आठवड्याभरात भात पिवळं पडलं. साहेबांनी दुसऱ्या पाहणीसाठी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा नकार आला. खारं पाणी शिरलेली जमीन दोन-तीन वर्षं धड पिकत नाही. अनुदान आलं असतं तर आजोबांनी तेवढा काळ रेटला असता. त्यांनी जमीन बिल्डरला दिली. आमचा आजचा फ्लॅट त्याच जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावर आहे. आजोबा गॅलरीत बसायचे, पण खाली बघायचे नाहीत.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत साहेब दर पौर्णिमेला आणि अमावास्येला सायकलवर खाडीकाठी यायचे. खात्याने सांगितलेलं नव्हतं. दुपारच्या भरतीचं पाणी चढायला लागलं की बांधावर उभे. “फुटला तर मी इथेच असेन. आधी मी बघतो, मग तुम्ही चिखल टाका.” शेजारच्या गावात दोनदा तसंच झालं, दोन्ही वेळा अनुदान आलं. ती शेतं अजून आहेत.

आजोबा गेले तेव्हा साहेब घरी आलेले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी खोटं लिहायला हवं होतं का रे?” आजोबा काय म्हणायचे, तेवढंच मी सांगितलं. “सायबानं ओली माती लिवली. ती कोनी वाचली नाय, त्याला तो काय करनार?” साहेब चष्मा पुसत राहिले.

परवा साठीच्या सत्काराची तारीख ठरवायला वर्तकनगरला त्यांच्या घरी गेलेलो. त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. “पौर्णिमा नको रे, त्या दिवशी मला…” रिटायर होऊन दोन वर्षं झालीत.

साहेब, सॉरी, आम्ही मुद्दाम पौर्णिमाच ठरवलीय. त्या दिवशी भरतीच्या वेळेला बांधावर शेजारच्या गावातली पोरं उभी राहणार आहेत, तसा निरोप त्यांनीच पाठवलाय. तुम्ही आमच्यात खुर्चीवर बसायचं. तब्येत ठणठणीत राहो, अजून पुष्कळ पौर्णिमा तुमच्या वाट्याला येवोत. फक्त त्यातलं उधाण आता आमच्याकडे सोपवा.