वाल्मिकभाऊंचं पाऊण तासाचं बिल्ड

वाल्मिकभाऊ आमलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे धुळ्याकडचे. दहा वर्षं इथल्या एका धाग्याच्या कंपनीत मशीनवर होते. सुट्टीच्या दिवशी शिकत शिकत कॉम्प्युटरकडे वळले आणि आता निलेशभाईंच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहितात. त्यांची बायको जया अजून धाग्याच्या कंपनीतच, पॅकिंगला.

ऑफिसचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे दादऱ्याचा एक कारखाना. ट्रक भरला की मालाची जी चिठ्ठी निघते, ती भाऊंच्या प्रोग्राममधून. चिठ्ठीत चूक निघाली तर दुरुस्तीला पाच मिनिटं पुरायची, पण ती कारखान्यात पोचायला पाऊण तास जायचा. कारण दुरुस्तीनंतर सबंध प्रोग्राम नव्याने बांधावा लागतो. त्याला बिल्ड म्हणतात. त्यात इतरांनी लिहून ठेवलेले चारेकशे तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. दुपारी ऑफिसचं नेट रांगतं, आणि तोवर ट्रक फाटकात उभे.

शेवटी कारखान्याच्या मॅनेजरने सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर काम सुरतेला जाईल. निलेशभाईंनीही लपवलं नाही. हे काम गेलं तर ते ऑफिस बंद करून वापीला भावाकडे बसणार होते, आणि तिथे वाल्मिकभाऊंना जागा नव्हती.

भाऊंनी जास्त वेगाचं नेट घ्यायला लावलं. आठ मिनिटं वाचली, बस.

बुधवारी सकाळी नवरा-बायको माझ्याकडे चहाला बसले होते. जयाने विचारलं, कालच उतरवलेलं आज परत का उतरवायचं? तेव्हा भाऊंनी कबूल केलं, की बिल्डची पहिली ओळ त्यांनीच लिहिली होती: जुनं सगळं पुसून टाक. सवय कंपनीतली. लॉट बदलला की मशीनवरचा एकूण एक कोन, म्हणजे धाग्याचं रीळ, उतरवायचा. एकदा त्यांच्या हातून जुन्या लॉटचा एक कोन राहिला, तर रंगवल्यावर कापडभर पट्टे उमटले आणि अख्खा माल परत आला. तेव्हापासून त्यांना जुन्या कशाचाच भरवसा वाटत नसे.

जया बशीत चहा ओतत म्हणाली, "लॉट बदलला म्हणून मशीन खाली करत होते तुम्ही. गोडाऊन बी खाली करत होते का?"

"गोडाऊन कशाला? तिथं पेटीपेटीवर लॉट नंबर असतो."

"मग?"

भाऊ चहा अर्धा ठेवून उठले आणि घरच्या चपलांवरच ऑफिसला गेले.

त्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर पॅकेजेसचं गोदाम केलं. प्रत्येकाचा नंबर प्रोग्रामला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीशी ताडून बघायचा. जुळला तर इथलंच घ्यायचं, नाही जुळला तर तेवढंच बाहेरून आणायचं. पुसायचं ते फक्त आपण बांधलेलं. पहिल्या खेपेला तरीही पूर्वीइतकाच वेळ लागला, कारण गोदाम भरायचं होतं. निलेशभाई घड्याळ बघून बाहेर गेले. दुसरं बिल्ड सहा मिनिटांत झालं, तेव्हा बघायला कोणी नव्हतं. भाऊंनी खात्रीसाठी तिसरं करून पाहिलं.

शुक्रवारी दादऱ्याहून फोन आला, चिठ्ठीवर गाडीचा नंबर अर्धाच छापला जातोय. ड्रायव्हर टपरीवरून परतायच्या आत दुरुस्ती पोचली होती. मॅनेजरने आभार वगैरे मानले नाहीत. दुपारी मात्र अकरा दुरुस्त्यांची यादी पाठवली. एवढं कोण थांबणार म्हणून इतके महिने सांगितल्याच नव्हत्या.

यादी वाचून निलेशभाईंनी वापीला फोन लावला. भावाला म्हणाले, माझ्यासाठी टेबल अडवून ठेवू नकोस.