न आलेल्या वादळाची शिक्षा

मुकादम मावशीला कामावरून काढलं ते जून २०२३ मध्ये, बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात फिरत होतं तेव्हा. का? तर तिनं गुलाब तोडणाऱ्या बायकांना पॉलिहाऊसमधून बाहेर काढलं. त्यात माझी आई होती.

मावशीला बसणं माहीतच नव्हतं. आमच्या आंदर मावळातून समुद्र दिसत नाही, पण तो तापल्याची बातमी आली की हिचे पाय ठरायचे नाहीत. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायची. बिपरजॉय तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्याचा बिपिन केला. मी दिसले की हाक यायची, "ए पोरी, मोबाइल बघ. बिपिन कुटं पोचला?"

"लांब आहे गं मावशी अजून."

"लांब हाय म्हणूनच इचारते. दारात आल्यावर काय, पाट मांडू त्याला?"

बायका हसायच्या, पण जपून. २०२० च्या निसर्ग वादळात पॉलिहाऊसचा लोखंडी पाइप पडून मावशीच्या जावेचा पाय कायमचा अधू झाला होता. तेव्हापासून छताचं प्लास्टिक फडफडलं की मावशी बोलता बोलता थांबायची आणि वर बघायची.

त्या दुपारी वाऱ्यानं प्लास्टिक फुगलं. मावशी ओरडली, "कात्र्या टाका! भाईर व्हा!"

आई म्हणाली, "एवढी रांग उरकते."

"रांग गेली मसणात!" मावशीनं तिला दंडाला धरून ओढलं.

दोन दिवस तिनं एकीलाही आत जाऊ दिलं नाही. वादळ गुजरातकडे वळलं. इकडे गुलाब झाडावरच उमलले. या धंद्यात कळी विकतात. उमललेलं फूल म्हणजे वाया गेलेला माल. मालक भडकला, "कुठाय तुझं वादळ? दाखव!"

"आलं न्हाई ते बरंच झालं की सायेब. बाया आपल्या पायानं घरी गेल्या."

दुसऱ्या दिवशी तिला फाटक बंद. आसपासच्या मालकांनीही घेतलं नाही, म्हणे ही बायकांना घाबरवते. मावशी घोरावाडीला लेकीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "दोन खोल्यांत कुटं फिरू गं मी?"

वादळ आलं असतं, तर याच मालकानं तिला शाल-नारळ दिला असता. पुढचं वादळ वळेल की नाही, कुणालाच माहीत नाही. तुमच्या घरची बाई पॉलिहाऊसमध्ये जाते ना? मग आजच मालकाच्या फाटकावर जा. बजावून सांगा: वादळाचा इशारा असेल त्या दिवशी कुणी आत जाणार नाही, आणि बायकांना बाहेर काढणारीचं काम जाणार नाही. तो "बघू" म्हणाला, तर तिथून हलू नका.